थांबू का, थांबू नका

तिला सगळे बाटलीताई म्हणत. आयुष्यात तिने चहापेक्षा कडक काही तोंडाला लावलं नव्हतं, पण नाव पडलं ते पडलं. फळांच्या रसाच्या कारखान्यात ती बाटल्या तपासायची. धुऊन निघालेल्या काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून एकीमागे एक येत, पांढऱ्या दिव्यासमोरून जात, आणि तडा गेलेली, काठ उडालेली, तळाशी काही चिकटलेली बाटली तिने चटकन हात घालून बाजूला काढायची. नजर इतकी तयार झाली होती की कुणाकडे पाहुणी म्हणून गेली तरी पाण्याचा पेला आधी उजेडाकडे धरायची आणि मग जीभ चावायची.

त्या हॉलमध्ये बोलण्याची सोय नव्हती. काच काचेवर घासते, आपटते, दिवसभर. बायका कानात कापसाचे बोळे घालत आणि खुणांनी बोलत. सासूबद्दलच्या खुणा वेगळ्या, साहेबाबद्दलच्या वेगळ्या.

गाण्यांचं वेड तिला लागलं ते एका भांडणातून. लग्नानंतर दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं, आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू एकच कॅसेट सकाळ-संध्याकाळ लावायचा. आठवडाभर तिने सोसलं. मग पोट सावरत जिना चढून ती तक्रार करायला गेली, आणि उतरली ती कॅसेट घेऊनच.

त्या कॅसेटवरचा गायक गिटार वाजवायचा, गळ्यात अडकवलेला माउथ ऑर्गन वाजवायचा, आणि घशात खडी अडकल्यासारखं गायचा. दुकानात त्याच्या कॅसेट रॉकच्या फळीवर असत, पण गाणी जुन्या लोकगीतांच्या मुळांवरून फुटलेली. खाणीतली माणसं, नावाडी, रस्ते बांधणारे मजूर, कर्जापायी नव्हे तर कंटाळून घर सोडलेले बाप. त्याचे चाहते त्याला ‘म्हातारा’ म्हणत, तेही तो पस्तिशीचा असल्यापासून. आवाजच तसा होता. पुढे तो खरोखरच म्हातारा झाला आणि नाव बदलायची वेळ आली नाही.

गेली बरीच वर्षं म्हाताऱ्याचं नवं काही आलं नव्हतं. तरी दर शनिवारी संध्याकाळी चौकटवाल्याच्या दुकानात त्याचे चार-सहा चाहते जमत. चौकटवाला फोटोंना चौकटी करून द्यायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा आणि लाकडी पट्ट्यांच्या गर्दीत, त्याने दोन उंच स्पीकर उभे केले होते. तिथे शब्द शेवटचा असायचा गणिताच्या बाईंचा. त्या निवृत्त झाल्या होत्या, पण शाळेतून, आवाजातून नाही.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत चौकटवाल्याचा फोन आला. बाटलीताई हॉलबाहेर येऊन भिंतीशी उभी राहिली.

“ताई, बसल्या आहात का उभ्या?”

“उभी आहे. काय झालं?”

“मग बसा. म्हातारा येतोय. नवा अल्बम. महिन्याभरात.”

ती खरंच पायरीवर बसली. हातातला डबा उघडायचा राहून गेला. नंतर नवऱ्याला तिने हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, “त्यात बसण्यासारखं काय?” नवरा सायकली दुरुस्त करायचा, स्वभावाने सरळ. त्याला गाणी दोनच कळायची: एक वाजतंय ते आणि एक बंद झालं ते.

पुढचे शनिवार भरून वाहू लागले. हा अल्बम शेवटचा असेल की नाही, यावर रोज फोन. म्हाताऱ्याचं वय झालं, हात थरथरतो, असं कुणीतरी कुठेतरी वाचलेलं. कुणी म्हणे त्याने घर विकलं, कुणी म्हणे विकत घेतलं. गणिताच्या बाई म्हणाल्या, “जो माणूस शेवटचं गातो तो आधी सांगत नाही.” सगळ्यांनी मान हलवली. बाटलीताईनेही हलवली, पण घरी जाताना तिला कळेना की बाईंच्या बोलण्याचा अर्थ शेवटचा आहे असा होता की नाही असा.

मग अल्बमच्या आधी त्यातलं एक गाणं आलं. लोकांना चव कळावी म्हणून असं एखादं आधी सोडतात. चौकटवाल्याने सगळ्यांना बजावलं होतं, घरी ऐकायचं नाही, एकत्र ऐकायचं. ठरल्याप्रमाणे सगळे जमले. चौकटवाल्याने गाणं लावलं. गिटार सुरू झाली, ड्रम आला, आणि मागून तो आवाज.

बाटलीताईने कान स्पीकरकडे वळवला. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येत होता. शब्दांच्या कडा गेल्या होत्या. एका मजुराचं गाणं होतं, त्याने बांधत आणलेला रस्ता संपतो, आणि शेवटी तो बरोबरच्यांना काहीतरी म्हणतो. तेवढं मात्र तिला लख्ख ऐकू आलं:

*रस्ता सरला, सोबत्यांनो, आता थांबू का*

गाणं संपलं. चौकटवाला डोळे पुसत होता. “काय बोललाय शेवटी,” तो म्हणाला. “या वयात म्हणतो, थांबू नका.”

“थांबू नका?” बाटलीताई म्हणाली.

“हो. रस्ता सरला, सोबत्यांनो, आता थांबू नका.”

“थांबू का, असं आहे ना? विचारतोय तो.”

सगळे तिच्याकडे बघू लागले. गणिताच्या बाईंनी चष्मा काढला. “सोबत्यांनो म्हटल्यावर पुढे आज्ञा येते. थांबू नका. सरळ आहे.”

“प्रश्नही येतो की, बाई,” चौकटवाला म्हणाला. “सोबत्यांनो, चहा घेऊ का?”

“तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?”

“मी चहाच्या.”

गाणं पुन्हा लावलं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी चौकटवाल्याने डोकं खाजवलं. “ताई, तुम्ही म्हणेपर्यंत मला स्वच्छ ‘नका’ ऐकू येत होतं. आता धड हेही नाही आणि तेही नाही.” बाई रागावल्या. म्हणाल्या, चांगल्या गाण्यात माती कालवली. बाटलीताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांत त्या खोलीत तिने कधी कुणाचं बोलणं खोडून काढलं नव्हतं.

घरी आल्या आल्या तिने नवऱ्याला खुर्चीत बसवलं आणि फोन त्याच्या कानाशी धरला. “अहो, फक्त शेवट ऐका. काय म्हणतो?”

त्याने डोळे मिटून ऐकलं. “आता थांब, काका.”

“काका कुठून आला?”

“ते मला काय माहीत. गाणं तुझं आहे.”

तिने दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मुलीला विचारलं. मुलगी म्हणाली, “आई, ‘नका’ आहे. म्हणजे, मला वाटतं. ड्रम नेमका तिथेच पडतोय गं.” मग म्हणाली, “बाबा सांगत होते, हल्ली तू टीव्ही फार मोठा लावतेस.”

ते वाक्य तिच्या मनात कुसासारखं रुतलं. आठवडाभर ती घरात कुणी बोललं की तोंडाकडे बघायची आणि मग आपण तोंडाकडे बघतोय हे लक्षात येऊन नजर वळवायची. म्हाताऱ्याचा आवाज बसलाय की आपले कान? की गाणंच वाईट आहे, आणि एवढी वाट पाहिल्यावर तसं म्हणवत नाही? यातलं एक खरं असतं तर ती त्याला सामोरी गेली असती. तिन्ही एकदम खरी वाटायची, आणि आंघोळ करून आली की तिन्ही खोटी.

त्याच आठवड्यात कारखान्यात पट्टा थांबण्याची घंटा वाजली आणि ती तिला ऐकू आली नाही. पुढच्या बाटल्या थांबल्या, तिने हात घातला, डझनभर बाटल्या आडव्या झाल्या. कुणाला काही लागलं नाही. देखरेखीला असलेली मुलगी तिच्या लेकीच्या वयाची होती. तिने बाटलीताईला बाजूला नेलं आणि मोठ्याने, तोंड नीट हलवत म्हटलं, “मावशी, कान तपासून घ्या. आणि लेबलच्या खोलीत जागा आहे. तिथे आवाज नसतो. विचार करून सांगा.”

बाटलीताईला ‘लेबल’ ऐकू आलं, ‘आवाज नसतो’ ऐकू आलं. आपल्याला काढून टाकलं की वर चढवलं, हे मात्र कळलं नाही.

कान तपासणाऱ्या बाईने तिला भिंतींना गादी लावलेल्या एका लहान खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन घातले आणि टूं ऐकू आलं की बटण दाबायला सांगितलं. काही टूं इतके बारीक होते की ते आले की आपण मनात आणले, हेच तिला ठरवता येईना. ती अंदाजाने बटण दाबत राहिली.

बाहेर आल्यावर बाईने कागदावरची उताराला लागलेली रेघ दाखवली. “बारीक आवाज गेलेत. स, श, फ, अशी अक्षरं निसटत असतील. यंत्र लावा, फरक पडेल.”

“आणि ‘न’?”

“न?”

“न गेलाय का? थांबू नका मधला.”

बाईने पुन्हा रेघेकडे पाहिलं. “नाही. ‘न’ तुम्हाला ऐकू यायला हवा.”

बाटलीताई उत्तर आणायला गेली होती आणि आणखी एक प्रश्न घेऊन आली. कान खराब आहेत, पण जिथे खराब असायला हवेत तिथे बरे आहेत. बरोबर आलेला नवरा जिन्यात म्हणाला, “म्हणजे तूच बरोबर की काय?” ती म्हणाली, “मला विचारू नका.” आणि स्वतःच्याच ‘नका’ने दचकली.

यंत्र आलं. कानामागे वालाच्या दाण्याएवढं. पहिले दोन दिवस तिला घर ओळखू येईना. चपला बोलत होत्या. वर्तमानपत्र कडाकडा मोडत होतं. नवऱ्याचं नाक शिटी वाजवत होतं, आणि ते बहुधा लग्नापासून वाजवत असावं. तिसऱ्या दिवशी तिने जुनी गाणी लावली. माउथ ऑर्गन पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा टोचला. दोन ओळींच्या मध्ये म्हातारा श्वास घेत होता, कुठेतरी स्टूल करकरत होतं. तिच्या लाडक्या गाण्यात एक माणूस बसलेला होता, आणि तो आजवर तिला दिसला नव्हता. तिने यंत्र काढलं, तर गाणं मऊ झालं, ओळखीचं झालं, आणि खोटंही वाटू लागलं. मग लावलं. मग काढलं. खरं गाणं कुठलं हे विचारायला जाणार कुणाकडे?

आधी सोडलेलं गाणं तिने यंत्र लावून ऐकलंच नाही. धीर झाला नाही. म्हटलं, अल्बममध्ये एकदाच काय ते ऐकू.

अल्बम आला त्या संध्याकाळी चौकटवाल्याच्या मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गणिताच्या बाई नेहमीच्या खुर्चीत होत्या. त्यांनी बाटलीताईच्या कानाकडे पाहिलं आणि शेजारच्या स्टुलावरची आपली पिशवी उचलून जागा करून दिली.

चार गाणी झाली. पाचवं ते रस्त्याचं. सगळे पुढे सरकले. आता आवाज घोंगडीबाहेर आला होता. खडबडीत, दमलेला, पण बाहेर. रस्ता संपत आला. मजुराने फावडं खाली ठेवलं. “रस्ता सरला, सोबत्यांनो,” म्हातारा गायला, आणि पुढे माउथ ऑर्गन वाजू लागला.

ती ओळ नव्हतीच. तिथे नुसती धून होती. ती लांबत गेली आणि गाणं संपलं.



“काढून टाकली,” चौकटवाला म्हणाला.

“विसरला असेल,” कुणीतरी मागून म्हणालं.

“विसरेल कसा? लिहिली त्यानेच.”

“वेगळ्या दिवशी गायलं असेल,” गणिताच्या बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच शेवटचा शब्द नव्हता. मग त्यांनी बाटलीताईला हळूच विचारलं, “तुम्हाला काही ऐकू आलं का हो तिथे? बारीकसं?”

“श्वास घेतला त्याने,” बाटलीताई म्हणाली. “काहीतरी म्हणणार होता. मग वाजवलं.”

“मला नाही आला श्वास.”

“मला आला. की यंत्राचा आवाज होता, कुणास ठाऊक.”

त्यावर पुन्हा वाद झाला. अर्धे म्हणाले, म्हातारा थांबला, म्हणूनच ओळ गिळली. अर्धे म्हणाले, थांबायचं असतं तर ठेवली असती. उरलेली गाणी कुणी नीट ऐकलीच नाहीत. दारात सायकल घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याने विचारलं, “मग? काय ठरलं?”

“काही नाही.”

“एवढी माणसं बसून?”

“एवढी माणसं बसली म्हणूनच.”

सोमवारी तिने देखरेखीच्या मुलीला सांगितलं, लेबलच्या खोलीत जाते. का, हे तिला धड सांगता आलं नसतं. घंटेची भीती होती, हे खरं. पण दिव्यासमोरून उठताना तिचा पाय निघेना, आणि पट्ट्यापासून दूर गेल्यावर हलकं वाटलं, हेही खरं. दोन्ही एकाच मिनिटात झालं.

लेबलच्या खोलीत दोघी जणी आधीपासून होत्या आणि त्या दिवसभर बोलत. नणंदेचं, गुडघ्याचं, वाढलेल्या भाड्याचं. इतक्या वर्षांनी कामाच्या जागी माणसांचं बोलणं पूर्ण वाक्यांत ऐकताना तिला आधी फार बरं वाटलं. दहा-बारा दिवसांनी फारच होऊ लागलं, तेव्हा ती दुपारी डब्यानंतर यंत्र खिशात टाकायला शिकली.

चौकटवाल्याचे शनिवार चालू आहेत. बाई येतात, पण मध्येच उठून जातात. नवा अल्बम लावायचा की नाही यावरच निम्मी संध्याकाळ जाते. बाटलीताई तो घरी एकटी ऐकते, कधी यंत्र लावून, कधी काढून. आधी सोडलेलं ते गाणं मात्र तिने अजूनही यंत्र लावून ऐकलेलं नाही. आठवं गाणं तिला पहिल्यांदा रटाळ वाटलं होतं. त्यात म्हातारा जवळजवळ गातच नाही, बोलतो. हल्ली तेच तिच्या तोंडी येतं.

परवा लेबल चिकटवता चिकटवता ती ते गुणगुणत होती. शेजारणीने विचारलं, “काय गं ते?”

“नवं आहे. एका गायकाचं.”

“छान आहे का?”

बाटलीताईने हातातली बाटली फिरवली, लेबलचा कोपरा अंगठ्याने दाबला.

“अजून ठरलं नाही,” ती म्हणाली, आणि पुढची बाटली घेतली.