टाचणीची मापाची वही

टाचणी म्हणजे कोपऱ्यावरच्या शिलाईच्या दुकानातली बाई. अंगानं काटकुळी, बोलणं टोचरं, आणि तोंडात कायम चार टाचण्या धरलेल्या. नाव ठेवायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नाही. माप देताना गिऱ्हाइकानं पोट आत ओढलं की ही फीत सोडून द्यायची आणि टाचण्यांच्या फटीतून झापायची, "सोडा श्वास! खोटं माप द्याल तर कपडाही खोटाच मिळेल. मग बटणं तुटली म्हणून माझ्या दारात उभं राहायचं नाही."

बारा दिवसांपूर्वी ती बाळंत झाली. मुलगी. आवाज असा, की चार घरांपलीकडे तान्ही कोण आलीय ते न सांगता कळावं. पण आवाज तेवढा चढता, बाकी सगळं उतरणीला. जन्मली तेव्हा दोन किलो नऊशे भरली होती, आता काटा दोन सहाशेवर थांबला. छातीला लावली की चार चोखण्या घ्यायची, तोंड सोडायची आणि बोंब ठोकायची. टाचणीच्या छातीला चिरा पडलेल्या. पोरीनं तोंड उघडलं की हिच्या पायांची बोटं आपोआप आखडायची. डॉक्टर म्हणाले, "शुक्रवारी वजन करू. चढलं नाही तर वरचं दूध सुरू करायचं. त्याआधी स्तनपानाच्या सल्लागार बाईंना दाखवा." वरच्या दुधाशी टाचणीचं काही वैर नव्हतं. पण हातात घेतलेलं काम अर्ध्यावर दुसऱ्याकडे द्यायचं हे तिला आयुष्यात जमलं नव्हतं.

सल्लागार बाईंनी फोनवर सगळं सांगितलं. गुरुवारी अकराला घरीच येते. मुलगी भुकेली असू द्या, कासावीस नको. कधी पाजलं, किती वेळ पाजलं, ओले लंगोट किती, ते लिहून ठेवा. रोज जिथं बसता तिथंच बसा. आणि घर आवरू नका.

हे शेवटचं सासूबाईंनी ऐकून सोडून दिलं. त्या शाळेत सत्तावीस वर्षं शिपाई होत्या. घंटा त्यांची, किल्ल्या त्यांच्या, आणि साहेब तपासणीला यायचा त्या दिवशी अख्खी शाळा त्यांची.

"अगं, तपासणीच की ही," म्हणाल्या आणि बाह्या सरसावल्या.

गुरुवारी सातच्या आत पडदे उतरले. टाचणीची रोजची डुगडुगती खुर्ची मागच्या खोलीत हद्दपार झाली आणि तिच्या जागी पाहुण्यांची, ताठ पाठीची आली. टाचणीचा नवरा वायरमन. त्याला शिडीवर चढवून पंखा पुसायला लावला.

"आई, बाई पंख्याला पाजायला येणार नाहीये."

"तू पुस. साहेब लोक आधी वर बघतात."

"मला विचाराल तर बिघाड मोठा नाही," वायरमन वरूनच म्हणाला. "करंट आहे. कनेक्शन लूज आहे, एवढंच."

टाचणीला हसू फुटलं. बारा दिवसांच्या अपुऱ्या झोपेनं तिची अशी गत झालेली, की एकदा हसू सुरू झालं की बंद करायची कळच सापडायची नाही. "अहो, हसवू नका! टाके दुखतात!"

"डॉक्टरांनी घातलेत म्हणून. तू घातले असतेस तर हूं की चूं केलं नसतं."

मग निघाली वही. टाचणीनं पोरीचा हिशोब आपल्या मापाच्या वहीतच ठेवला होता. कुणाच्या छाती-कंबर-बाहीच्या खाली पोरीची ओळ, डाव्या-उजव्या बाजूची मिनिटं: डा ४, सोडलं. उ ०. डा ३, मी रडले. सासूबाईंनी चष्मा लावला आणि कपाळावर हात मारला.

"ही कच्ची वही दाखवणार? चार मिनिटं? पंधरा लिही."

"सगळीकडे पंधरा नको, आई. संशय येईल. इथं तेरा टाका."

"हुशार आहेस. लंगोट आठ लिहू?"

"काल चारच झालेत."

"चाराला आठ करायला किती वेळ लागतो?"

दोघी टेबलावर डोकी जोडून बसल्या आणि शाळकरी पोरींसारख्या खुसुखुसु हसत त्यांनी पोरीला दोन पानं भरून दूध पाजलं. कागदावर पोरगी चांगली गुबगुबीत झाली.

साडेदहाला टाचणी कपडे बदलायला उठली. सातव्या महिन्यात, बाळंतपणानंतर घालायचा म्हणून तिनं पुढून बटणांचा झगा शिवून ठेवला होता. माप अंदाजानं घेतलेलं, आणि अंदाज फारच आशेवर. बटणं लागेनात. मग तिनं आरशासमोर उभं राहून पोट आत ओढलं, श्वास धरला, आणि एकेक बटण कोंबलं. शेवटचं लागलं तशी तिनं मान वर केली. आरशात तीच बाई उभी होती, जिला ती रोज दुकानात झापायची.

"सोडा श्वास," टाचणी आरशाला म्हणाली, आणि सोडला.

बटण सुटलं ते थेट शिडीवरून उतरणाऱ्या वायरमनच्या कानाला. तो ओरडला, पोरगी जागी झाली, तिनं भोंगा लावला, आणि टाचणी भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग दुधाचे डाग पडलेला जुना गाऊन चढवून बाहेर आली आणि दोन सुबक पानं टराटरा फाडली.

"अगं, काय करतेस!"

"आई, तुमच्या शाळेत इतक्या तपासण्या झाल्या. गळकं छप्पर दुरुस्त झालं का हो कधी?"

सासूबाईंनी चष्मा काढला. "नाही बाई. खालच्या बादल्या आम्हीच लपवायचो ना."

मग त्या मागच्या खोलीत गेल्या आणि डुगडुगती खुर्ची ओढत घेऊन आल्या.

सल्लागार बाई दहा मिनिटं आधीच आल्या, पोरीच्या आवाजाचा माग काढत. पंख्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आधी पोरीला काट्यावर ठेवलं, मग वही वाचली. 'मी रडले' पाशी थांबल्या. "ही वही कामाची. आता रोजच्यासारखं पाजा."

टाचणीनं मांडीवर उशी घेतली, उशीवर पोरगी, आणि मशीनवर वाकावी तशी कमरेतून वाकून छाती पोरीपर्यंत नेली. चार चोखण्या. भोंगा.

"शिवणकाम करता ना? मशीनवर सुई कापडाकडे नेता?"

"छे! सुई जागची हलत नाही. कापड सरकवायचं असतं."

"मग इथं उलटं कशाला?"

टाचणीनं आपल्या वाकलेल्या कमरेकडे पाहिलं. बाईंनी तिची पाठ खुर्चीला टेकवली, पोरगी पोटाला पोट लावून आडवी धरली, आणि तिनं मोठं तोंड उघडेपर्यंत थांबायला लावलं. "आता. आणा तिला." पोरगी आली. टाचणीच्या पायांची बोटं आखडायला निघाली होती, ती निम्म्यातच थांबली. खोलीत गटक गटक ऐकू यायला लागलं.

"कनेक्शन," वायरमन दारातून पुटपुटला.

टाचणी खदखदली, पोरगी सुटली. "तुम्ही बाहेर व्हा!" तिघी बायका एकदम ओरडल्या. पोरीला परत लावली.

आटोपल्यावर परत काटा. चाळीस ग्रॅम जास्त. "उद्या डॉक्टर काय म्हणतील ते उद्या," बाई म्हणाल्या. "पण हे पोटात गेलंय, हे मी पाहिलं."

सासूबाईंनी मापाची वही पुढं ओढली आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: डा १४. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बोटांवर मनाशी मोजलं, पोरगी मध्येच सुटली होती ते एक मिनिट वजा केलं, चौदा खोडलं आणि वर तेरा केलं.