फरसबी संपेपर्यंत

आईच्या गावाकडच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या म्हणून मी तिला जर्मनीत माझ्याकडे, कार्ल्सरूहेला आणलं आणि पहिल्याच दिवशी कपाळावर हात मारून घेतला. फोन समोर ठेवला की बाई गप्प. रिकाम्या हातांनी गप्पा मारत बसणं तिच्या गावात बायकांना शोभत नसे, आणि ते तिला सत्तरीतही जमत नाही. हाताला काम हवं. इथला मटार सोललेला, डाळीत औषधालासुद्धा खडा नाही. शेवटी तुर्की दुकानातून फरसबी आणली. ती मोडता मोडता आई बोलू लागली, पण रेकॉर्डिंगमध्ये तिच्यापेक्षा शेंगांचाच आवाज जास्त. शेंगा बाजूला केल्या की बोलणंही बंद.

शनिवारी ती तिची शाळा बंद झाली त्या दिवसापर्यंत आली. "वडील म्हणाले, उद्यापासून जायचं नाही," एवढं बोलली आणि ताट उचलून आत गेली, कारण शेंगा संपल्या होत्या.

"अगं, पुढे काय झालं?"

"उद्या शेंगा आण, मग सांगते."

उद्या रविवार. जर्मनीत रविवारी एक दुकान उघडं असेल तर शपथ. माझं डोकंच फिरलं. सकाळी मी तांदूळ आणि मसूर एकाच ताटात ओतले, कालवले आणि तिच्यापुढे आदळले. "घे, निवड."

"चांगल्या धान्याची वाट लावलीस," म्हणत तिने ताट पुढ्यात ओढलं. बोटं चालू झाली. मसुरीचा छोटासा ढीग झाल्यावर ती म्हणाली, "दुसऱ्या दिवशी माझं दप्तर घेऊन धाकटा भाऊ शाळेत गेला, आणि मला तांदूळ निवडायला बसवलं."