थॉर्नबी घराण्याचे भाट

ट्युडर सरांना स्वतःच्या चुलत्याच्या नातवाचं नाव विचारलं, तर ते डोकं खाजवत बसायचे; पण इंग्लंडातल्या थॉर्नबी घराण्याच्या सगळ्या पिढ्या त्यांना सोयरसुतकासकट तोंडपाठ होत्या. कोणत्या थॉर्नबीचं कोणाच्या पोरीशी लग्न लागलं, कोणाला लग्नात किती मेंढ्या मिळाल्या, राजा बदलला तसा धर्म बदलून कोण मोकळा झाला, हे सगळं ते अशा आवाजात सांगत, की ही मंडळी कालच्या बाजारात भेटली असावीत असं ऐकणाऱ्याला वाटावं. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांची इतकी काळजी वाहणारा दुसरा माणूस आमच्या वाशिम जिल्ह्यात तरी नव्हता.

सर आमच्या रिठदचेच. मालेगावच्या कॉलेजात इतिहास शिकवत. इंग्लंडच्या ट्युडर राजांचा काळ हा त्यांचा हातखंडा विषय, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. ते त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. मी त्यांचा विद्यार्थी. इतिहासात ढकलपास झालो आणि मालेगावातच झेरॉक्स-प्रिंटचं दुकान टाकून बसलो. सर रिटायर झाल्यावर आमचं खरं जमलं. दर आठवड्याला त्यांची मोटारसायकल दुकानासमोर लागायची, डिकीतून प्लास्टिकची पिशवी निघायची आणि "काढ गड्या, थॉर्नबी आले," म्हणत सर स्टूल ओढायचे.

हे थॉर्नबी काही राजे नव्हते की मोठे सरदार नव्हते. "आपल्याइकडच्या पाटील-देशमुखावानी समज," सर सांगत, "गावात रुबाब, बाहेर कोनी इचारत नाही." रद्दीच्या दुकानात मिळालेल्या एका फाटक्या पुस्तकात त्यांची पहिली गाठ पडली. पुढे मोबाइल आला, इंग्लंडातल्या जुन्या कागदांची छायाचित्रं घरबसल्या मिळू लागली, आणि सर पार त्या घराचेच झाले. त्या काळचं अक्षर म्हणजे आपली मोडी बरी. ते त्यांनी भिंग लावून, एकेक वळण गिरवून शिकून घेतलं. काकू वैतागायच्या. "सोयाबीनचा भाव काय निंगाला इचाराव, तं हे म्हन्तेत लोकरीचा भाव पडला!" गावातल्या पारावरची माणसंही सोडत नसत. "सर, तुमचे सोयरे काय म्हनून राह्यले?" कोणी विचारलं की सर न चिडता उत्तर देत, "बाप्पा, मोठ्या पोराचं आन बापाचं पटून नाही राह्यलं."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "वंशावळ म्हंजे कोन जलमलं ते नोय. कोनी कोनाले आपलं म्हनलं, ते." मला ते वाक्य तेव्हा नुसतं वर्गातलं वाटायचं.

त्या काळी म्हणे राणीची माणसं घोड्यावरून गावोगाव हिंडत आणि जमीनदारांच्या घरी उतरून त्यांच्या वंशावळी लिहून घेत. सर त्यांना "राणीचे भाट" म्हणत. घरधनी सांगेल ते भाटांनी लिहायचं आणि खाली त्याची सही घ्यायची. थॉर्नबींच्या घरी भाट आले तेव्हा म्हातारा बाप गेला होता, थोरला मुलगा थॉमस घरधनी होता. त्याने भावांची नावं सांगितली आणि बहीण ऍलिस हिच्यापुढे लिहवलं, लहानपणीच वारली. खाली त्याची ठसठशीत सही. ऍलिस तेव्हा जिवंत असणार असा सरांचा संशय होता, पुरावा तेवढा नव्हता. त्या सहीच्या छायाचित्राच्या किती प्रती मी काढून दिल्या असतील! एक फिकी आली, दुसरी काळी आली, असं सर म्हणत राहायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला चाळा लागला आहे.

माझ्या दुकानापासून तिसरं दुकान वच्छलाआत्याचं. ब्लाऊज-पोलक्यांचं शिवणकाम. वच्छलाआत्या ही सरांची धाकटी सख्खी बहीण, हे रिठदमध्ये पोरासोरांनाही ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. तरुणपणी तिने दुसऱ्या जातीच्या शिंप्याशी लग्न केलं. बापाने गावाला सांगितलं, पोरगी मेली. नुसतं सांगितलं नाही, तिच्या नावानं खरोखरची आंघोळ केली, घरादाराला करायला लावली. सर तेव्हा कॉलेजात नोकरीला लागलेले, मिशी फुटलेले गृहस्थ. त्यांनीही केली. पुढे बाप गेला, जमिनीवर वारसांची नावं चढवायची वेळ आली. त्यासाठी स्टँपपेपरवर घराची वंशावळ लिहून द्यावी लागते. सरांनी लिहून दिली. बहिणीच्या नावापुढे कंसात लिहिलं, मयत. ती बिचारी तेव्हा मालेगावात चालतीबोलती, दोन लेकरांची आई. वंशावळ खरी असल्याबद्दल गावच्या पाच पंचांच्या सह्या झाल्या. त्यात एक सही माझ्या वडिलांची आहे. त्यांना एकदा विचारलं, तर म्हणाले, "सरच लेहून देऊन राह्यले मनल्यावर आमी कायले बोलाव?" आणि उठून गोठ्यात गेले.

कॉलेजला जाता-येता सर वर्षानुवर्षं त्या दुकानावरून गेले, ते दुसऱ्या बाजूच्या पाट्या वाचत. माझ्याकडे यायला लागल्यावरही स्टूल असं ठेवत, की पाठ तिच्याकडे राहावी. पण मोटारसायकलचा आवाज आला की तिसऱ्या दुकानातली मशीन थांबायची, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायची. मला कळायचं. सरांनाही कळत असणार. आम्ही दोघंही शाई, कागद, भाव असल्या गोष्टी बोलत राहायचो.

आत्याच्या पोरीचं लग्न समोरच्या मंगल कार्यालयात झालं. त्या दिवशी सर नेमके प्रिंट काढायला आले. चांगला धुतलेला सदरा, पायात नवीन चप्पल. मला वाटलं, जातील. रस्ता तेवढा ओलांडायचा होता. पण ते स्टुलावर बसले आणि थॉर्नबींची पानं जुळवू लागले. लाऊडस्पीकरवरून भटजींचा आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मग पुन्हा आला. मग तिसऱ्यांदा, जरा घाईने. आपल्याकडे मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय मुलगी बोहल्यावर येत नाही, हे का सरांना सांगायला हवं होतं? ते खाली मान घालून म्हणाले, "गड्या, या पानावर शाई फिकी आली." शेवटी शेजारचा चहावाला एप्रन काढून मामा म्हणून उभा राहिला. अक्षता पडल्या, बँड वाजला. सर त्या पानाकडेच बघत होते. त्यांचा राग आला मला, आणि दयाही आली.

त्यानंतर सर एकच प्रश्न विचारू लागले. "बाप तं बाप होता. पन थॉमसनं सही कायले केली असंल बे?"

"जमिनीसाठी केली असंल, सर."

"जमिनीसाठी असती तं बरं होतं. लोभ तरी समजते मानसाले. त्यानं लाजंपायी केली. आन मंग त्या लाजंची लाज वाटली, मनून गप राह्यला."

एका दुपारी ते मोटारसायकल नीट न लावताच आत आले. मोबाइल माझ्यापुढे धरला. थॉर्नबींच्या म्हातारीचं मृत्युपत्र सापडलं होतं, भाट येऊन गेल्यानंतरचं. त्यात तिने आपला लोकरीचा चांगला झगा मुलीला, म्हणजे ऍलिसला, ठेवला होता. ऍलिस, अमक्या विणकराची बायको, तमक्या गावी राहणार. सर मोठ्याने हसले. "सांग बरं, मेलेल्या पोरीले झगा देते का कोनी?" आणि हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला. माझ्या दुकानात येऊ लागल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मान वळवून तिसऱ्या दुकानाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आमच्या मायनं बी लुगडं ठीवलं होतं तिच्यासाठी," ते म्हणाले. "माह्याजवळ देल्लं होतं. पेटीत हाय अजून."

पुढच्या खेपेला ते म्हणाले, "आज थॉर्नबी नाही. आज आपली काढ." मी टाईप करत गेलो, ते सांगत गेले. वडिलांचं नाव, पुढे मयत. आईचं नाव, पुढे मयत. मग स्वतःचं. मग वच्छलाआत्याचं, तिच्या नवऱ्याचं, दोन्ही लेकरांचं. तिच्या नावापुढे काही नाही. प्रिंट आणि लुगड्याची पिशवी घेऊन सर दुकानाची पायरी उतरले. मी दारात उभा राहिलो. मशीन थांबली.

आत्याने कागद वाचला, अगदी सावकाश. "म्हंजे आता मी जित्ती झाले मनावं."

"माह्या हातानं झालं होतं, वच्छे."

"ते समजलं मले तवाच. एक सांग भाऊ, माह्या नावानं आंघोळ केली, तवा पानी थंडं होतं का गरम?"

सर म्हणाले, "थंडं होतं. रडलो मी."

"रडला तं मले सांगाले काहून नाही आला?"

आत्याने लुगडं उलगडलं नाही. पिशवी मशीनखाली ठेवली, कागद घडी करून गल्ल्यात टाकला आणि पायाने मशीन सुरू केली. बस म्हणाली नाही.

सरांनी कचेरीत दुरुस्तीचा अर्ज दिला. तारखा पडत राहिल्या. दर तारखेनंतर ते आत्याच्या दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसत. ती मशीन चालवत राही. थॉर्नबींची पिशवी डिकीतच राहू लागली. एकदा मात्र ते लगबगीने माझ्याकडे आले आणि पोराचा निकाल सांगावा तसं म्हणाले, "आज तिनं च्या सांगतला. दोन." तो दुसरा चहा कसा होता, मी विचारलं. "गोड लय होता," सर म्हणाले, "लहानपनी मी तसाच पेत होतो." एवढंच. त्याच हिवाळ्यात पहाटे दूध काढायला उठले आणि गोठ्यातच बसल्या जागी गेले.

दहावं-तेरावं झाल्यावर त्यांचा मुलगा पुण्याहून माझ्या दुकानात आला. सरांच्या जमिनीसाठी आता नवी वंशावळ हवी होती, आणि सहीसाठी आत्यालाही त्याने बोलावून घेतलं होतं. ती सरांच्या स्टुलावर बसली. अंगावर जुन्या काठाचं हिरवं लुगडं होतं. घडीच्या रेषा अजून गेल्या नव्हत्या. मी जुनी फाईल उघडली, सरांच्या नावापुढे कंसात तीन अक्षरं ठोकली, मयत, आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली.

आत्याने चष्मा लावला. आधी स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. तिथे कंस नव्हता. मग बोट वर सरकलं आणि भावाच्या नावाशी थांबलं.

"हे नको लिहू रे," ती म्हणाली. "त्याले एवढ्यात मयत नको लिहू."

मुलगा म्हणाला, "आत्या, त्याशिवाय कागद चालत नाही."

"मले काय सांगतं? मले मालूम हाय काय चालते ते," आत्या म्हणाली. "एक दिवस राहू दे. माह्या नावापुढं इतके वर्स होतं, मी काई मनलं का?"

मी कंस पुसला आणि प्रिंट काढली. तिने शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला, नीट घडी घातली आणि पदराच्या आत ठेवून आपल्या दुकानाकडे गेली. कचेरीत देण्याचा कागद मी दुसऱ्या दिवशी काढला.