बुढीचा जीव आणि माझी ढाल

त्या दुपारी जेवण झाल्यावर बुढी आणि मी खाटेवर बसून भांडलो. विषय मोठाच होता. मोबाइलच्या गेममधल्या तिच्या तलवारवाल्या बाईला नवे पॉइंट मिळाले होते, आणि ते जिवाला द्यायचे की ढालीला, हे ठरत नव्हतं. बुढी म्हणजे माझी बायको. आमच्या सिंदी गावात तिच्या वयाच्या बायका दुपारी सुपारी कातरत सुनांच्या कागाळ्या करतात. आमची राक्षस मारायची.

हा उद्योग पोरीनं लावला. आईचा वेळ जाईल म्हणून जुना मोबाइल देऊन गेली. वेळ गेला, सोबत घरातली शांतताही गेली. बुढीला अक्षरओळख नाही, मी चौथी शिकलेला पंडित. गेम हिंदीत. मी वाचायचं, तिनं दाबायचं. मला हिशेब लगेच कळला. लाल पट्टी जिवाची, निळी ढालीची. जीव मोठा असला तर फटके जास्त सोसतात, ढाल चांगली असली तर फटका लागतच नाही. शहाण्यानं दोन्हीकडं थोडंथोडं टाकावं. बुढीनं पहिल्या दिवसापासून सगळं जिवातच ओतलं.

"ढाल समोर धरली का समोरचा दिसत नाई," असं तिचं शास्त्र. "मंग मारू कोणाले?"

किल्ल्याच्या दारात एक गदावाला राक्षस होता. त्याच्यापुढं तिची बाई रोज छाती काढून जायची आणि रोज मरायची. मी बाजूनं ढाल, ढाल म्हणून ओरडायचो. ती म्हणायची, "तुमी ओरडता म्हणूनच मरते थे बाई."

घरातही बाईसाहेबांची रीत हीच. पुतण्याच्या लग्नात माझ्या बहिणीनं तिला भर मांडवात तास-दीड तास सुनावलं. हिनं एक शब्द अडवला नाही. सगळं अंगावर घेऊन शेवटी विचारलं, "बाई, भाजी वाढू का?" बहीण अजून त्या भाजीवर चिडून आहे.

केळझरच्या गणपतीला गेलो तर पायऱ्यांवर छाती धरून बसली. काय झालं विचारलं तर चप्पल चावते म्हणाली. छातीत चप्पल चावणारी बाई मी एकच पाहिली. वर्ध्याला डॉक्टरकडं चल म्हटलं की आज कापसाची वेचणी, उद्या पापड, परवा आणखी काही.

म्हणून त्या दुपारी मी हरलो. हरलो म्हणजे सौदा केला.

"घे, सगळे टाक जिवात. पण उद्या सकाळच्या बसनं वर्ध्याले यायचं."

"सगळे?"

"सगळे."

"येतो मंग. पण सुई टोचू देणार नाई." आणि मी शब्द फिरवीन या भीतीनं तिनं भराभरा बटण दाबलं.

दिवेलागणीला कणीक मळता मळता ती भिंतीला टेकली. मला वाटलं, दम खाते आहे. पाणी घेऊन आलो तोवर संपलं होतं. एवढा मोठा जीव, एका फटक्यात.

सकाळी घर माणसांनी भरलं. मुलगा पुण्याहून यायचा होता, म्हणून सगळे थांबले होते. जो तो म्हणत होता, मोठी सोशिक बाई. हा शब्द ज्यानं काढला, त्याला एकदा त्या गदेखाली उभं करायला पाहिजे.

पोरगी रात्रीच वर्ध्याहून आली होती. आईचा मोबाइल हातात धरून माझ्याजवळ बसली. डोळे पुसत म्हणाली, "बाबा, यातले सगळे पॉइंट परत घेता येतात. नव्यानं वाटता येतात. तुमाले ढाल पाहिजे होती ना? लावून देऊ?"

खरं तर माझा हक्क होता. सौदा तिनं मोडला होता. वर्ध्याची बस येऊन निघूनही गेली होती.

"राहू दे," मी म्हणालो. "तिचे हायेत."

मग मोबाइल मी घेतला. लोक पाहत होते, पाहू दे. आयुष्यात पहिल्यांदा बटणं दाबली आणि तिच्या बाईला धडपडत दारापर्यंत नेलं. राक्षसानं गदा उचलली. ढालीचं बटण माझ्या अंगठ्याखालीच होतं. मी अंगठा काढून घेतला.