फाटकाशी बसून वजन कमी करणे

सोमवार, ५ जानेवारी १९९८. पहाटे साडेपाच, सोसायटीचं फाटक. हजर : तळमजल्यावरच्या सत्तरीच्या काकू, समोरच्या इमारतीतल्या शिक्षिका, बँकेत नोकरी करणाऱ्या वहिनी आणि मी. गैरहजर : कोणी नाही. वहीच्या पहिल्या पानावर हे असं लिहिलेलं आहे. अक्षरही चांगलं आलं आहे.

फिरायला जायची टूम माझी होती आणि कारणही माझंच. आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी माझा रिपोर्ट पाहून सांगितलं होतं, साखर अगदी काठावर आहे आणि वजन अठ्ठ्याहत्तर. रोज अर्धा तास भरभर चाला, ताटात भात कमी, भाजी जास्त. तीन महिन्यांत फरक दिसला नाही तर गोळ्या सुरू. माझ्या आईच्या पायाचा अंगठा याच आजारात काढावा लागला होता. पट्टी मीच बदलायचे. त्यामुळे मी घाबरले, आणि घाबरले की मी वही विकत आणते.

एकटी चालले तर चार दिवसांत बंद पडेन, म्हणून या तिघींना गोळा केलं. नियम केले. साडीवर कॅनव्हासचे बूट सक्तीचे. पाच मिनिटांपेक्षा उशीर झाला तर नावापुढे लाल फुली. गंगापूर रोडने थेट चौकापर्यंत जायचं आणि परत यायचं. आता जाण्यायेण्याची वेळ कोणीतरी लिहायला हवी, शिवाय वहिनी रोज उशिरा येणार, त्यांची फुली कोण मारणार? म्हणून मी फाटकाशी थांबायचे. जानेवारीतल्या थंडीत उभं राहून पाय आखडायचे, तेव्हा वॉचमनच्या स्टुलावर बसायचे. सगळ्या परतल्या की माझ्या घरी चहा. त्या बिनसाखरेचा घेत. मी पहाटेपासून गारठलेली, म्हणून मला साखरेचा, सोबत दोन खारी.

एप्रिलमध्ये डॉक्टरांच्या काट्यावर उभी राहिले. ऐंशी.

"चालता ना?" त्यांनी विचारलं.

"रोज! एक दिवस खाडा नाही. हे बघा." मी पिशवीतून वही काढून त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी चार पानं उलटली. पुन्हा मागे गेले. "यात तुमच्या येण्याजाण्याच्या वेळा कुठे आहेत?"

"माझ्या कशा असतील? मी तर लिहिते."

डॉक्टर चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मग म्हणाले, "वहीची तब्येत उत्तम आहे. रक्ताचा रिपोर्टही काठ सोडून पुढे सरकलाय. आणखी तीन महिने देतो, शेवटचे."

दुसऱ्या दिवशी वही शिक्षिकांच्या हातात दिली. ती त्यांनी कधी उघडलीच नाही, आणि तरी सगळ्या वेळेवर येऊ लागल्या, याचं मला थोडं वाईट वाटलं. मी चालायला लागले. दुसऱ्याच गल्लीशी धाप लागली. काकू मागून आल्या आणि मला ओलांडून गेल्या.

"काय गं, फुली मारू का?" त्या वळूनसुद्धा न बघता म्हणाल्या.

चौक गाठायला मला तीन आठवडे लागले. उपासाची घाई केली नाही, डॉक्टरांनी बजावलंच होतं. खारी बंद केली, भाताची वाटी लहान केली, दुपारी मूठभर मोड आलेली मटकी. पहिल्या महिन्यात किलोभरसुद्धा उतरलं नाही. जुलैपर्यंत तीन उतरले, म्हणून डॉक्टर आणखी थांबले; दिवाळीपर्यंत सात. दिवाळीनंतरच्या तपासणीत साखर काठाच्या अलीकडे आली. गोळ्या लागल्या नाहीत. घरी येऊन मी आधी रडले आणि मग तारीख लिहून ठेवली.

त्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "भावंडं किती? त्यांची तपासणी झालीय?"

एकच थोरली बहीण, निफाडला दिलेली. अंगाने माझ्या दीडपट. रविवारी फोन लावला. मुद्दे कागदावर काढून समोर ठेवले होते.

"अक्का, तुझी साखर तपासायची आहे."

"माझं काय घेऊन बसली! तूच लय वाळली म्हणे. सासरी जेवू घालत नाय का? बेदाण्याची पेटी धाडते, गुमान खा."

"अक्का, आईला काय झालं ते विसरलीस का?"

पलीकडे तिने कोणाला तरी द्राक्षबागेत निघायला सांगितलं. मग म्हणाली, "बघू. छाटणी उरकू दे."

छाटणी उरकली. मग द्राक्षं निघाली, मग तिच्या घरी लग्न निघालं. दोन वर्षं झाली. तिला एकदा सकाळी उपाशीपोटी गाडीत घालून इथे आणायचं आहे. ते अजून झालेलं नाही.