इस्त्रीवहिनीचं कपाट

सकाळपासून वारा असा पिसाळला होता, की दोरीवरचे कपडे उलटेसुलटे नाचत होते आणि गल्लीतली दारं आपली आपण आपटत होती. अशा वाऱ्यात कपाटासाठीचा डोक्यापेक्षा उंच बोर्ड घेऊन अंगण ओलांडायचं म्हणजे होडीचं शीड हातात धरून चालण्यातलाच प्रकार. इस्त्रीवहिनीनं बोर्ड आडवा केला, बगलेत दाबला आणि वाऱ्याकडं पाठ करून उलट्या पावलांनी ती घरात शिरली.

"वहिनी, अहो हाक तरी मारायची!" मागून धाकटा दीर ओरडला. तो सुतार. दुसरा बोर्ड त्याच्या डोक्यावर होता आणि वाऱ्यानं तो बोर्डच त्याला अंगणभर गोल फिरवत होता.

"तुम्हाला हाक मारेपर्यंत माझं कपाट पलीकडच्या गल्लीत जाऊन उभं राहिलं असतं, भाऊजी."

इस्त्रीवहिनी हे नाव तिला गल्लीनं दिलं, आणि ते काही उगाच नाही. लग्नाआधीपासून ती लाँड्रीत इस्त्री करायची. पुढं दिरानं सागवान-बिगवान सोडून मेलामाईनच्या बोर्डांची कपाटं करायला घेतली. आत दाबलेला भुसा, वरून लाकडाच्या रेघा छापलेला गुळगुळीत थर. ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. पण बोर्ड कापला की कडेला आतला भुसा उघडा पडतो. तो झाकायला त्याच रंगाची बारीक पट्टी इस्त्रीनं चिकटवावी लागते, आणि तिथंच दिराचे नाकी नऊ यायचे. इस्त्री जास्त तापली की पट्टी आखडायची, कमी तापली की दुसऱ्या दिवशी जीभ बाहेर काढून लोंबायची. एकदा वहिनी डबा द्यायला गेली, थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "सरका." ओल्या बोटानं तिनं इस्त्रीवर थेंब उडवला, त्याचा चुर्र आवाज ऐकला, पट्टीवर सुती फडकं टाकून इस्त्री फिरवली आणि मागोमाग लाकडाचा ठोकळा दाबत नेला. पट्टी अशी बसली की जोड डोळ्यांना दिसेना, नखानं चाचपावा लागला. दिरानं तिथंच हात टेकले.

तेव्हापासून लाँड्री सुटली. मग बाई नुसत्या पट्टीवर थांबते कसली! करवत लावण्याआधी कापायच्या रेघेवर सुरी ओढायची म्हणजे थराचे टवके उडत नाहीत, हे तिनं बघून बघून उचललं. बिजागऱ्या शिकली. पोट सुटलेल्या भिंतीला कपाट चिकटून कसं बसवायचं, तेही शिकली. आता लोक दिराला बोलावतात आणि वर सांगतात, "वहिनींना आणा हं."

पण आजचं कपाट गिऱ्हाइकाचं नव्हतं. सासूबाईंचं होतं.

सासूबाई त्यांच्या घरी एकट्या राहायच्या. मोरीत पाय घसरून पडल्या, गुडघा सुजला, तेव्हा दोघा भावांनी उचलून त्यांना थोरल्याकडं आणलं. थोरला, म्हणजे वहिनीचा नवरा, ट्रक घेऊन बाहेरच जास्त. घरात या दोघीच. म्हातारीनं आल्या दिवशी कपड्यांचं गाठोडं खाटेखाली सरकवलं, ते सोडलंच नाही. लागेल तो कपडा ओढून काढायचा, धुवायचा, वाळवायचा, परत आत कोंबून गाठ मारायची. आपल्या घराची किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात. रोज चहाबरोबर एकच प्रश्न : "मला कधी पोचवताय?"

परत गेल्या तर परत पडणार, आणि या खेपेला हाक ऐकायला कोण असणार? वहिनीला रात्रंदिवस हाच घोर. बांधून ठेवता येत नाही, भांडून जिंकता येत नाही. तिला कपाटच तेवढं करता येत होतं. म्हणून खाटेच्या उशाशी मोकळ्या असलेल्या कोपऱ्याचं तिनं माप घेतलं. वाकायला नको, हात वर करायला नको, म्हणून सगळे कप्पे गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच ठेवायचे ठरवले.

सासूबाईंनी खाटेवरूनच बोर्डावर बोटाची पेरं वाजवली. "हे लाकूड आहे?"

"लाकडासारखं आहे, आई."

"वास नाही याला. तुझे सासरे असते तर म्हणाले असते, हा लाकडाचा फोटो आहे."

"फोटो तर फोटो. कपडे कुठं बघायला येतात?"

"मला कशाला पण? मी चार दिवसांची पाहुणी."

वहिनी कामाला लागली. सुरी ओढली, करवत चालवली, पट्ट्या चिकटवल्या. दिराच्या कारखान्यात कपाटाच्या दोन्ही बाजू उघड्या पुस्तकासारख्या शेजारी शेजारी ठेवून भोकं पाडायची रीत होती. म्हणजे डावी-उजवी चुकत नाही. पण या खोलीत खाट, खाटेवर सासूबाई, आणि उरलेल्या जागेत एकच बोर्ड मावत होता. म्हणून तिनं आधी एक संपवला, मग दुसरा त्याच्यावर तसाच ठेवून त्याच बाजूनं आखला आणि फळ्या ज्यांवर टेकतात त्या खुंट्यांची भोकं पाडली. उभं करायला घेतलं तेव्हा दिराच्या कपाळाला आठी पडली. मग तो भिंतीला टेकून हसतच सुटला.

"वहिनी, दोन्ही पायांत डावीच चप्पल घालून निघालात की!"

खरंच, उजव्या बाजूची भोकं आत असायला हवीत ती बाहेर, खाटेकडं तोंड करून. भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीसाठी खाली मागच्या कोपऱ्यात खाच काढलेली, त्यामुळं बोर्ड उलटा करायचीही सोय नाही. वहिनीचं तोंड उतरलं. इतक्या कपाटांत झालं नाही ते नेमकं इथं, आणि तेही सासूबाईंसमोर!

तेवढ्यात खाटेवरून खुसखुस ऐकू आली. सासूबाई तोंडावर हात धरून हसत होत्या, खांदे हलत होते. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

"अगं, तुझ्या सासऱ्यांनी एकदा दरवाजा केला होता," त्या म्हणाल्या, "तो फक्त भिंतीत उघडायचा. दोन दिवस बोलले नाहीत कुणाशी. तू निदान उभी तरी आहेस."

"नवीन बोर्ड आणतो," दीर म्हणाला.

"या रेघांचा पुन्हा मिळायचा नाही. थांबा." वहिनीनं ड्रिल उचललं. बाहेरची भोकं चुकवून, दोन बोटं मागं सरकून तिनं आतून नवी रांग पाडली. फळ्या टेकल्या, समपातळीत बसल्या. दारं लागली. बाहेरची रांग तेवढी उघडी राहिली. "तिच्यावर त्याच रंगाच्या टिकल्या लावून टाकते जेवल्यावर."

दोघं जेवून आली तर टिकल्यांची पुडी जागच्या जागी होती. उरलेल्या खुंट्यांची पुडी मात्र फुटलेली. खाटेवरून हात पोचेल अशा दोन भोकांत दोन खुंट्या बसवलेल्या. एकीवर सासूबाईंचा चष्मा दोरीनं लटकत होता. दुसरीवर किल्ली.

वहिनी किल्लीकडं बघत राहिली. दिरानं तोंड उघडलं, तिनं त्याच्या पायावर पाय दिला.

"भोकं पाडलीच आहेस, तर वापरावीत म्हटलं," सासूबाई दुसरीकडं तोंड फिरवून म्हणाल्या. "टिकल्या नको लावूस. आणि ते गाठोडं काढ खालून. आतलं सगळं बोळे होऊन बसलंय, तसंच ठेवायचं का नव्या कपाटात?"

वहिनीनं गाठ सोडली. मग इस्त्रीच्या तळाला चिकटलेला पट्टीचा गोंद घासून काढला, ओल्या बोटानं थेंब उडवला, चुर्र आवाज ऐकला आणि पहिला कपडा पसरला.