बाजेखालची तलवार

आमच्या सासरी, दुर्गाघाटावर, बाळंतिणीच्या बाजेखाली तलवार ठेवतात, सटवीची पूजा होईपर्यंत, म्हणजे सहा दिवस, वाईट काही आत येऊ नये म्हणून. मामंजींचे आजे श्रीमंतांबरोबर काशीत आले तेव्हा ती आणली, असं सगळे सांगायचे. माझं पहिलं मूल चौथ्याच दिवशी गेलं, म्हणून ह्या खेपेला माझा सगळा जीव त्या तलवारीत.

आणि बाळंतपणाच्या महिनाभर आधीच एक दुकानदार ती घेऊन गेला होता. गोऱ्या साहेबांना जुनी हत्यारं विकतो तो. जंग काढून देतो म्हणाला, आठ दिवसांनी आणून दिली. ह्यांना काही वाटलं नाही, पण मला तेव्हापासून चैन नव्हतं, बदलली असली तर कोण ओळखणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई गंगेवर गेल्या, बाळ झोपलेलं. मी वाकून तलवार ओढली, म्यानातून काढली. माहेरी आजोबांकडे अशीच जुनी तलवार होती, तिला लिंबू चोळलं की लोखंडात पाण्यासारख्या लाटा दिसायच्या. उशाखाली नजरेसाठी ठेवलेलं लिंबू होतं, तेच कापलं नि पात्यावर चोळलं. थांबले, पुन्हा चोळलं. काही नाही, थाळीसारखं कोरं.

सासूबाई आल्या, विटाळ म्हणून दारातच थांबल्या. मी रडत सांगितलं, त्या मेल्यानं बदलली.

"त्यानं नाही बदलली," त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नाआधीच खरी सरकारात जमा झाली, लायसन कुठं होतं. पूजेला हवी म्हणून लोहाराकडून ही करवली. तो दुकानदार तर बघताच नकली म्हणाला, मीच गप्प बसवलं त्याला. तुझा नवरा हिच्यावरच वाढला, जगला ना?"

"आणि माझं पहिलं?"

त्या स्वयंपाकघरात गेल्या, रोजची विळी आणली, नि विटाळाचं भान न ठेवता स्वतःच्या हातानं बाजेखाली सरकवली.

"हिच्याबद्दल तुला कोणी खोटं सांगितलेलं नाही," म्हणाल्या.

मग सटवी झाली, बारसं झालं, पोर आता रांगतं. पण विळी ठेवली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, तलवार काढून नेऊ का? मी नको म्हटलं. असू दे तीही. काय माहीत.